ऐकू येईल असा फोन

दोन हजार अठरा सालच्या जून महिन्याची सहा तारीख. नऊनंबरने दुकानाच्या काचेच्या काउंटरवर फोन पालथा ठेवला, किडका बटाटा भाजीवाल्याला परत करावा तसा, आणि ती म्हणाली,

"यात माणूस बोलत नाही. पत्र्याचा डबा बोलतो."

काउंटरमागचा विक्रेता निळ्या सदऱ्यातला होता. तसे पाच-सहा निळे सदरे दुकानभर फिरत होते आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच हसू होते, बहुधा सदऱ्याबरोबरच मिळालेले. त्याने फोन उलटा केला, दिव्याखाली धरला, अंगठ्याने पुसला.

"आजी, मागे दोन कॅमेरे आहेत याला. पुढे एक."

"मला माझं तोंड पाठ आहे. ऐकू कुठून येतं ते दाखव."

"आवाज पूर्ण वाढवलाय ना तुम्ही?"

"चौतीस वर्षं मी लोकांना एकमेकांचं ऐकवत होते. मला आवाज वाढवायला शिकवू नकोस."

पुतण्या मध्ये पडला. त्याला मध्ये पडायला आवडे, विशेषतः दुकानात.

"आत्या, या किमतीत याच्या तोडीचा फोन बाजारात नाही. मी अकरा फोनांची तुलना केलीये."

केली होती, हे खरेच. पंधरा दिवस जेवणाचे ताट बाजूला सारून त्याने संगणकावर एक तक्ता बनवला होता. रॅम, बॅटरी, पडदा, प्रोसेसर, वर्षभराने विकला तर काय मिळेल, सगळे त्यात होते. तक्त्याला सोळा रकाने होते आणि आवाजाचा एकही नव्हता. पुतण्या विमा कंपनीत दावे नाकारण्याच्या विभागात काम करी. समोरचा काय मागतो आहे ते पुरते न ऐकताच त्याला काय मिळणार नाही हे सांगायची सवय त्याच्या हाडीमांशी खिळलेली होती.

दुकानाने फोन परत घेतला नाही. खोका एकदा उघडला की फोन तुमचा झाला, असा तिथला नियम. पुतण्याने चेहरा पाडून फोन स्वतःच्या खिशात टाकला. चेहरा पडला होता, बोटे मात्र खुशीत होती.

"नाहीतरी माझा जुना झालाच होता," तो बाहेर पडता पडता म्हणाला.

"मग तक्ता कुणासाठी केला होतास?" नऊनंबरने विचारले, आणि उत्तराची वाट न बघता फुटपाथवरून चालू लागली.

तिला घाई होती. एक जूनला तिच्या घरातला तारेचा फोन बंद झाला होता. ती तार ज्या एक्सचेंजला जात होती ते कंपनीने मोडीत काढले होते. आणि बावीस जूनला सहानंबरची शस्त्रक्रिया होती.

ही नावे त्या दोघींना आईबापांनी दिलेली नव्हती, पण आईबापांनी दिलेल्या नावांनी त्यांना हाक मारणारे आता फारसे कुणी उरलेही नव्हते. एकोणीसशे चौसष्टमध्ये दोघी एकाच आठवड्यात ट्रंक एक्सचेंजवर, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून द्यायच्या खात्यात, लागल्या. लांब खोलीत ओळीने चौदा बोर्ड, चौदा उंच खुर्च्या, चौदा मुली. जिची जागा नऊवर ती नऊनंबर, सहावर बसणारी ती सहानंबर. मुलींची लग्ने झाली, आडनावे बदलली, काहींची तर दोनदा बदलली. नंबर कुणाचा बदलला नाही.

सहा आणि नऊ यांच्यामध्ये सात आणि आठ बसत, त्यामुळे दोघींना एकमेकींशी थेट बोलता येत नसे. काम सैल असले की नऊनंबर सहाच्या बोर्डावर एक तार टाकी आणि दोघी बारा फुटांवरून एकमेकींच्या कानात बोलत. सुपरवायझरला वाटे, दोघी दूरच्या गावांना जोडण्यात बुडून गेल्या आहेत. अशी त्यांची मैत्री झाली. समोरासमोर कँटीनमध्ये बसल्या की दोघींना काही सुचत नसे. बशीतला चहा ढवळत बसत. तारेवर आल्या की थांबत नसत.

अठ्ठ्याण्णवला दोघी निवृत्त झाल्या. सहानंबर तिच्या बहिणीच्या गावी राहायला गेली, आगगाडीने एक आख्खा दिवस लागतो इतक्या लांब. तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता फोन. चार ही पाळी बदलायची वेळ. वीस वर्षांत हा फोन चुकला तो दोन बाळंतपणांत, म्हणजे सहानंबरच्या भाच्यांच्या, आणि एका पुरात.

गेल्या वर्षी सहानंबरच्या घशात गाठ निघाली. औषधे झाली, किरणे देऊन झाली, आवाज झिजत झिजत सुताएवढा उरला. मे महिन्यात तिने एक दिवस, पूर्वी लाइन बिघडल्याची खबर द्यायची त्याच सपाट स्वरात सांगितले,

"बावीस जूनला स्वरयंत्र काढणार. गळ्याला भोक पाडतात, श्वास तिथून. म्हणजे बावीसपासून माझी लाइन बंद. तुला काय बोलायचं ते आधी बोलून घे."

"मी येते तिकडे," नऊनंबर म्हणाली होती.

"तोंड बघायला? नको. तोंडाचं आपल्याला कधी काय पडलं होतं?"

म्हणून फोन हवा होता. कॅमेऱ्यासाठी नव्हे, पडद्यासाठी नव्हे. तीन आठवडे एका बाईचा आवाज शेवटपर्यंत नीट ऐकू यावा, एवढ्यासाठी.

जुन्या फोनची गोष्ट वेगळी होती. तो काळा, वजनदार, हातात घेतला की हातात काही घेतले आहे असे वाटणारा. खात्यातला म्हातारा लाइनमन वर्षा-दोन वर्षांनी येई, मागचे झाकण उघडून काहीतरी पिळी आणि आवाज आणखी चढवून जाई. "जुन्या माणसांना एवढं तर करायलाच हवं," तो म्हणे. नऊनंबर ते मानाचे समजून घेई आणि त्याला चहा देई.

*

सूनबाईच्या खणात एक जुना फोन पडून होता. पुतण्याची बायको ती. नवऱ्याने तक्ते करावेत आणि हिने कामे, अशी त्या घरात वाटणी होती. तिने फोन पुसून, सिम घालून आत्याच्या हातात दिला. चारला एक मिनिट कमी असताना नऊनंबरने तो डाव्या कानाला लावला.

पलीकडे कुणीतरी भुसा चाळत होते.

"काय म्हणालीस? पुन्हा सांग."

पुन्हा भुसा.

"शब्द चावू नकोस. ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं होतं? आकडा सुटा, शेवटचं अक्षर पूर्ण."

भुशातून दोन शब्द कसेबसे वर आले. तशीच. बोलतेय.

"तशीच कुठली! अगं, मे महिन्यापर्यंत बरी बोलत होतीस. घसा दुखतो म्हणून जिभेनंही रजा घेतली का?"

पलीकडचा भुसा थांबला. थांबणे मात्र नऊनंबरला स्वच्छ ऐकू आले. चौतीस वर्षे लाइनवर बसलेल्या बाईला मुकी लाइन आणि गप्प माणूस यांतला फरक कळतो.

चार वाजून सहा मिनिटांनी तिने फोन ठेवला. इतक्या लवकर तो कधी ठेवला गेला नव्हता.

"स्पीकरवर टाक ना, आत्या," पुतण्या आतून म्हणाला. नवा फोन त्याच्या मांडीवर होता आणि तो त्यात फळांच्या टोपलीचे फोटो काढत होता. "सगळ्यांना ऐकू येईल."

"म्हणूनच टाकणार नाही. ती तिच्या गळ्याबद्दल बोलते, तुझ्या बढतीबद्दल नाही."

"मग कानात ते इयरफोन तरी घाल."

"चौतीस वर्षं डोक्याला पट्टा आवळून बसले. आता कानात बोंडं कोंबून घ्यायची उरली होती, ती तुझी तू कोंब."

दुसऱ्या दिवशीही भुसाच. तिसऱ्या दिवशी सहानंबरने तिकडून फोनच लवकर ठेवला. नऊनंबर संध्याकाळभर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलत राहिली. हल्ली फोन बनवतात की साबणाच्या वड्या? आणि ही माणसे, रस्त्यातून चालताना अंगठ्याने काचा चोळत असतात, एकमेकांना आपल्या जेवणाची चित्रे पाठवतात, आणि फोन वाजला तर दचकतात! बोलणे सोडून फोनने सगळे येते. आमच्या वेळी तीन मिनिटांच्या ट्रंक कॉलसाठी माणसे तास तास थांबत, पण बोलत तेव्हा बोलत.

सूनबाईने ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाजाराच्या जिन्याखाली एक दुरुस्तीवाली आहे. जुने फोन विकते. तोंडाने फटकळ आहे, पण फसवत नाही. येता का?"

*

दुरुस्तीवालीचे दुकान कपाटाएवढे होते. चाळिशीची बाई, कपाळावर भिंग सरकवलेले, समोर पोट फाडलेले चार फोन. तिने नऊनंबरकडे वरपासून खालपर्यंत बघितले आणि इतक्या दिवसांत कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

"फोन कशासाठी हवाय?"

"ऐकायला."

"मग नवा घेऊन काय करणार होतात? नव्यात अर्धे पैसे फोटोचे." तिने खणातून एक लहानसा काळा फोन काढला. पाठीवर ओरखडे, एक कोपरा चेपलेला. "तीन वर्षं जुना. हा खोका, हे बिल, आतला नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळतो का ते स्वतः बघा. कुणाचा चोरलेला असला तर इथंच कळेल. बॅटरी मी नवी टाकलीये. आत पाणी गेलेलं नाही. गेलं की ही पट्टी लाल होते, ही बघा पांढरी. कानापाशी जाळी असते, तिच्यात लोकांचा मळ साचतो आणि मग म्हणतात फोन खराब. ती साफ केलीये."

"बोलून बघितल्याशिवाय मी घेत नाही."

नऊनंबरने सूनबाईला तिचा फोन घेऊन बाजाराच्या टोकाला पाठवले आणि आकडे म्हणायला सांगितले. सूनबाई कांदे-बटाट्याच्या ढिगाशेजारी उभी राहून मोठ्याने आकडे म्हणू लागली. माणसे वळून बघू लागली. एक हमाल म्हणाला, "बाई, लिलाव कसला?" इकडे नऊनंबर डाव्या कानाला फोन दाबून डोळे मिटून उभी होती.

"तीन... चार... पुढचा खाल्ला. मग एक... हाही खाल्ला." तिने डोळे उघडले. "निम्मे आकडे गळतात."

"दोन दिवस वापरून बघा. नाही पटला तर आणा," दुरुस्तीवाली म्हणाली.

तो सोमवार होता. बुधवारी नऊनंबर फोन घेऊन परत आली, एकटीच. दोन दिवसांत सहानंबर एकूण अकरा मिनिटे बोलली होती, आणि त्यांतली निम्मी नऊनंबरने तिला उच्चार शिकवण्यात घालवली होती.

"भंगार विकता ते विका," ती म्हणाली. "पण त्याला फोन म्हणू नका."

दुरुस्तीवालीने फोन कानाला लावला, कंपनीचा कुठलासा नंबर फिरवून त्यातली ध्वनिमुद्रित बाई शेवटपर्यंत ऐकली.

"मला येतंय ऐकू."

"तुम्हाला सवय झाली असेल. वाईट तेलाचं खाऊन खाऊन लोकांना तेच चांगलं लागतं."

दुरुस्तीवालीने फोन खणात टाकून दुसरा दिला. शुक्रवारी तोही परत आला. मग तिने एकामागून एक पाच फोन काउंटरवर मांडले. एक मोठा, एक त्याहून मोठा, एक बटणांचा, एक कुणा श्रीमंताने वर्षभरात टाकून दिलेला. नऊनंबरने प्रत्येक डाव्या कानाला लावला आणि प्रत्येकाबद्दल एकेक वाक्य बोलली. ही वाक्ये इतकी नेमकी होती की शेजारच्या कुलूपवाल्याने काम थांबवून ती ऐकली.

"बाई," दुरुस्तीवाली शेवटी म्हणाली, "माझ्याकडे एवढेच. तुमच्या कानाला पसंत पडेल असा फोन कारखान्यात जाऊन बसवून घ्या."

नऊनंबरने घड्याळ बघितले. चारला तीन मिनिटे होती. घरी पोचेपर्यंत साडेचार झाले असते. काल सहानंबरने फोन उचललाच नव्हता. आज शुक्रवार, पुढच्या शुक्रवारी शस्त्रक्रिया.

"एक फोन करू द्या. कुठल्याही डबड्यावरून."

"सगळ्यांच्या बॅटऱ्या तुम्हीच संपवल्यात. हा एक चार्जिंगला आहे. सिम घालते, पण वायर काढू नका. काढलीत की बंद पडेल."

वायर उजवीकडच्या भिंतीतून आली होती आणि ती जेमतेम हातभर होती. नऊनंबरने नंबर लावला आणि फोन डाव्या कानाकडे ओढला. वायर ताणली, पडदा लुकलुकला.

"ओढू नका म्हटलं ना!"

मग तिला भिंतीकडे वाकावे लागले. उजव्या हाताने फोन धरून, मान वाकडी करून, तिने तो उजव्या कानाला टेकवला.

"सहा बोलतेय."

आवाज बारीक होता. शेवटच्या टोकाला आलेल्या सुतासारखा, पण अखंड. एकही अक्षर गळलेले नव्हते. शब्दांच्या मागे श्वास होता, श्वासाच्या मागे बशीत कप ठेवल्याचा आवाज, त्याच्याही मागे कुठेतरी दार लागले.

"नऊ? आहेस का? की आज फक्त शिव्याच?"

नऊनंबरने वायरीच्या बेताबेताने फोन डाव्या कानाशी नेला, जवळजवळ भिंतीला गाल लावून. भुसा. पुन्हा उजव्या कानाशी आणला.

"... का गं, ऐकू येत नाहीये का?"

पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. असे तिने तीनदा केले. दुरुस्तीवालीने तिच्याकडे बघितले, मग कपाळावरचे भिंग डोळ्यावर ओढले आणि एका फोनवर वाकली. तो तिने सकाळीच दुरुस्त करून ठेवला होता.

एक्सचेंजवरच्या हेडसेटला एकच वाटी असे आणि ती डाव्या कानावर बसे. उजवा हात प्रत्येक कॉलच्या नोंदीची तिकिटे लिहायला लागे, आणि उजवा कान सुपरवायझरसाठी मोकळा ठेवावा लागे. लाइनवरची खरखर, पावसाळ्यातले कडाडणे, कानठळ्या बसवणाऱ्या शिट्ट्या, जोडणीला उशीर झाला म्हणून ओरडणारे ग्राहक, सगळे चौतीस वर्षे एकाच कानाने सोसले. निवृत्त झाल्यावरही फोन उजव्या कानाला लावावा हे तिच्या मनात कधी आले नव्हते, जसे जेवताना दुसऱ्या हाताने खावे हे कुणाच्या मनात येत नाही. आणि लाइनमन दर वर्षा-दोन वर्षांनी आवाज चढवत राहिला, मुकाट्याने.

"ऐकतेय," नऊनंबर म्हणाली. "नऊ ऐकतेय. बोल."

"आज काय झालंय तुला? गोड बोलतेस."

"फोन बरा मिळाला."

ती पंचवीस मिनिटे तशीच भिंतीकडे वाकून उभी होती. कुलूपवाल्याने स्टूल पुढे केले. तिने ते बघितलेही नाही. फोन ठेवला तेव्हा तिला मान सरळ करायला वेळ लागला.

"हा देता?"

"देते."

दुरुस्तीवालीने आकडा सांगितला. नऊनंबरने एका शब्दाने घासाघीस केली नाही. पैसे देऊन फोन हातात घेतला आणि उलटा केला. पाठीवर ओरखडे होते. एक कोपरा चेपलेला.

"हा तर सोमवारी नेलेला," ती म्हणाली.

"हाच. भंगार."

नऊनंबरने पाकिटाची चेन लावली.

"पिशवी नको," ती म्हणाली आणि फोन उजव्या हातात धरून निघाली.

*

घरी पुतण्याने फोन हातात घेऊन तोलला, दाबला, त्याच्या आत डोकावला.

"तीन वर्षं जुना. पण बघ, मी म्हणतच होतो. नुसत्या बोलण्यासाठी रॅम वगैरे काही लागत नाही."

त्याने असे कधीही म्हटलेले नव्हते. नऊनंबरने फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"हो," ती म्हणाली. "तू म्हणत होतास."

आत्याने त्याचे म्हणणे मान्य करण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. त्याने स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हळूच विचारले, "आत्याला ताप वगैरे आहे का गं?"

त्या शुक्रवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत रोज चार वाजता फोन झाला. थोर असे काही त्या बोलल्या नाहीत. दर रविवारी तोच एक नंबर मागणारा माणूस, जिकडे कधीच कुणी उचलत नसे, तो आठवला. सुपरवायझरबाईंचा केसांचा टोप पंख्यात अडकला होता तो दिवस आठवला. तो पंखा होता की खिडकी, यावर दोन दिवस वाद चालला. अकरानंबर एका ग्राहकाच्या नुसत्या आवाजावर भाळून त्याच्याबरोबर निघून गेली आणि तोंड बघून आठवड्यात परत आली, ते पुन्हा एकदा सांगून झाले. सहानंबर दमे. मग नऊनंबर बोले आणि सहानंबर हसे. हसण्याला आवाज उरलेला नव्हता, फक्त श्वास तुटत असे. तोही उजव्या कानाला ऐकू येई.

दोनदा नऊनंबरने काहीतरी सांगण्यासाठी दम घेतला आणि दोन्ही वेळा भलतेच काहीतरी बोलली. गुरुवारी, अगदी शेवटी, ती म्हणाली,

"मधले ते दिवस फुकट गेले. फोनच भिकार मिळाले होते."

"असतील," सहानंबर म्हणाली. मग, "बरं. लाइन सोडते."

*

पुतण्याचा नवा फोन अकरा महिन्यांनी जिन्यावरून पडला. त्याने पुन्हा तक्ता केला; या वेळी बावीस रकाने. पुढे त्याला बढती मिळाली आणि आता तो दावे नाकारणाऱ्या दहा जणांवर देखरेख करतो. सूनबाईने तिचा पुढचा फोन दुरुस्तीवालीकडून घेतला आणि नवऱ्याला किंमत दुप्पट करून सांगितली, म्हणजे त्याने तो चांगला म्हणावा. त्याने म्हटला.

बाजाराचा जिना पाडला तेव्हा दुरुस्तीवाली पलीकडच्या गल्लीत एका खोलीत गेली. आता तिच्या हाताखाली दोन मुली आहेत आणि दोघी तिच्याइतक्याच फटकळ आहेत. नऊनंबर तिच्याकडे गिऱ्हाइके पाठवते आणि सांगते, "हात चांगला आहे. तोंडाकडे लक्ष देऊ नका."

शस्त्रक्रियेच्याच वर्षी हिवाळ्यात निवृत्त ऑपरेटर बायकांचा मेळावा झाला. नऊनंबर सोडून सात जणी आल्या होत्या. कुणाची मुलगी, कुणाचा नातू, सगळ्यांचे फोन येत होते, आणि सातही जणी डाव्या कानाला फोन दाबून, "काय? मोठ्यानं बोल!" असे ओरडत होत्या आणि फोन बनवणाऱ्यांचा उद्धार करत होत्या. नऊनंबर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बराच वेळ हे बघत होती. मग उठून एकेकीजवळ गेली आणि म्हणाली, "अगं, हे हल्लीचे फोन उजव्या कानाचे बनवतात. तिकडे लावून बघ." सातही जणींनी लावून बघितले. मग त्यांनी, चांगले चाललेले विनाकारण बदलणाऱ्या कारखानदारांना आणखी दोन शिव्या जास्त दिल्या.

सहानंबर शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे होती. झोपेत गेली. नऊनंबर अजून आहे.

त्या तीन वर्षांतही चारचा फोन चुकला नाही. सहानंबर फोन उचले आणि नखाने त्यावर टिचकी मारी. पूर्वी बोर्डावर सुपरवायझर पाठीशी उभी असली की दोघी असेच करत. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. नऊनंबर बोलत राही, अर्धा-पाऊण तास, आणि पलीकडून एक-दोन, एक-दोन होत राही. दुसऱ्या वर्षी एका दुपारी, काहीतरी दुसरेच चालले असताना, नऊनंबर म्हणाली,

"फोन बरे होते गं ते सगळे. माझा डावा कान गेला होता."

एक टिचकी.

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

एक टिचकी.

"तेव्हाच?"

एक.

"मग सांगितलं का नाहीस?"

हा प्रश्न एका टिचकीत बसत नव्हता आणि दोनांतही. पलीकडे काही वाजले नाही. श्वासही आता फोनपर्यंत पोचत नव्हता. नऊनंबर फोन कानाला लावून थांबली, मग तिने समोरच्या घरातल्या बाईने पुन्हा एक कुत्रा आणला आहे आणि तोही पहिल्यासारखाच निर्बुद्ध आहे, ते सांगायला घेतले.